लोहाराचा मुलगा आणि तथागतांचे दहा शिष्य

जपानच्या मुख्य बेटाच्या उत्तर टोकाला आओमोरी नावाचे शहर आहे. तेथे ५ सप्टेंबर १९०३ रोजी एका लोहाराच्या घरी शिको मुनाकाता यांचा जन्म झाला. भावंडे पंधरा आणि कमाई तुटपुंजी. प्राथमिक शाळा संपताच शिकोंच्या हाती पुस्तकाऐवजी घण आला. दृष्टी लहानपणापासूनच अधू होती. पुढे ते तेथील न्यायालयात वकिलांचा पोऱ्या म्हणून कामाला लागले आणि उरलेल्या वेळात चित्रे काढू लागले. एका मासिकात त्यांनी व्हॅन गॉग या डच चित्रकाराचे सूर्यफुलांचे चित्र पाहिले आणि आपणही चित्रकारच व्हायचे असा निश्चय केला.

१९२४ साली ते टोकियोला गेले. त्यांची तैलचित्रे मोठ्या सरकारी प्रदर्शनातून वारंवार नाकारली गेली. १९२८ मध्ये एक चित्र स्वीकारले गेले. पण तोवर त्यांचे मन लाकडी ठशांच्या चित्रांकडे वळले होते. हिरात्सुका उनइची या कलावंताकडून त्यांनी ठसा कोरण्याचे धडे घेतले.

जपानमध्ये लाकडाच्या फळीवर चित्र कोरून, शाई लावून ते कागदावर उठवण्याची परंपरा जुनी आहे. जुन्या पद्धतीत चित्र काढणारा एक, लाकूड कोरणारा दुसरा, छापणारा तिसरा आणि प्रकाशक चौथा असे. कीर्ती मुख्यतः चित्र काढणाऱ्याची होई. कोरणारे व छापणारे हात बहुधा अंधारातच राहत. १९०४ साली कानाए यामामोतो या तरुणाने एका कोळ्याचे चित्र स्वतःच काढले, स्वतःच कोरले आणि स्वतःच छापले. अशा प्रयत्नांतून तेथे एक नवी चळवळ उभी राहिली. कल्पना करणारे डोके आणि राबणारा हात एकाच माणसाचे असावेत, हा तिचा आग्रह होता. जपानमधील ती कामाची वाटणी म्हणजे जातिभेद नव्हे. तरीही डोक्याचे काम श्रेष्ठ आणि हाताचे काम हलके, हा समज किती घातक असतो हे आपल्याला कोणी शिकवायला नको. आपल्या पिढ्यान्‌पिढ्या त्याखालीच भरडल्या गेल्या. मुनाकातांचे हात लोहाराच्या भट्टीत तयार झालेले होते, आणि या चळवळीत त्याच हातांना मान मिळाला.

१९३६ मध्ये लोककलांचे अभ्यासक सोएत्सु यानागी यांचे लक्ष त्यांच्या कामाकडे गेले. मातीची भांडी घडवणारे थोर कारागीर कांजिरो कावाई यांनी त्यांना क्योटोला नेले आणि बौद्ध विचाराची गोडी लावली. नारा येथील कोफुकुजी विहारातील भिक्षू सुभूतीच्या प्राचीन मूर्तीने ते भारावून गेले. त्यातूनच १९३९ साली त्यांचे सर्वात प्रसिद्ध काम जन्माला आले. सारिपुत्त, मोग्गल्लान, महाकस्सप, सुभूती, पुण्ण, महाकच्चान, अनुरुद्ध, उपाली, राहुल आणि आनंद हे तथागतांचे दहा प्रमुख शिष्य त्यांनी लाकडात कोरले. जोडीला मंजुश्री व समंतभद्र हे दोन बोधिसत्त्व होते.

या दहांमध्ये उपाली आहे, हे विसरू नये. उपाली शाक्यांचा न्हावी होता. शाक्य राजपुत्र दीक्षा घ्यायला आले तेव्हा त्यांनीच तथागतांना उपालीला आधी दीक्षा देण्याची विनंती केली. त्यामुळे त्यांना त्याला वंदन करावे लागणार होते आणि त्यांचा कुळाचा अभिमान गळून पडणार होता. पुढे राजगृहाच्या पहिल्या संगीतीत विनयाचे पठण याच उपालीने केले. ब्राह्मण कुळातला सारिपुत्त, राजकुळातला राहुल आणि न्हावी उपाली हे मुनाकातांच्या चित्रमालिकेत एकाच उंचीचे आहेत, एकाच रांगेत उभे आहेत. संघ असाच होता.

१९४५ मध्ये महायुद्धामुळे मुनाकाता कुटुंब तोयामा प्रांतातील फुकुमित्सु गावी गेले. त्याच वर्षीच्या मे महिन्यात टोकियोवर बॉम्ब पडले आणि तेथील घर व बहुतेक ठसे जळून खाक झाले. दोन बोधिसत्त्वांचे ठसेही गेले. ते त्यांनी १९४८ साली पुन्हा कोरले. दहा शिष्यांचे ठसे मात्र वाचले. यात चमत्कार काही नव्हता. पत्नी चिया यांनी टोकियोहून गावी पाठवायच्या सामानाबरोबर ते बांधले होते, म्हणून ते वाचले.

फुकुमित्सुच्या परिसरात अमिताभाच्या कृपेवर भिस्त ठेवणारा पंथ प्रबळ आहे. त्याचा मुनाकातांवर परिणाम झाला. आपल्या हातून घडते ते आपल्या शक्तीने घडत नाही, असे ते मानू लागले. परमपूज्य बाबासाहेबांनी दिलेल्या धम्मात कृपा करणाऱ्या तारणहाराला स्थान नाही, म्हणून हे मत आपण स्वीकारू शकत नाही. पण कर्तृत्वाचा अहंकार गाळून टाकण्याची त्यांची वृत्ती घेण्याजोगी आहे.

१९५५ साली ब्राझीलमधील साओ पावलो येथे आणि १९५६ साली इटलीतील व्हेनिस येथे जागतिक प्रदर्शनांत त्यांना सर्वोच्च पारितोषिके मिळाली. त्याच १९५६ च्या १४ ऑक्टोबरला नागपूरच्या दीक्षाभूमीवर आपल्या वाडवडिलांनी धम्म स्वीकारला. १९६० च्या सुमारास मुनाकातांच्या डाव्या डोळ्याची दृष्टी गेली. तरी फळीला जवळजवळ नाक टेकवून ते कोरत राहिले. १९७० मध्ये जपान सरकारने त्यांना संस्कृतीविषयक सर्वोच्च सन्मान दिला. १३ सप्टेंबर १९७५ रोजी टोकियोत त्यांचे निधन झाले.

धम्म स्वीकारलेल्या घरात जुन्या तसबिरी उतरतात आणि भिंतीवर तथागत व बाबासाहेब येतात. त्या प्रतिमांपुढे हात जोडून थांबलो, तर नुसती तसबीर बदलली, मन बदलले नाही. मुलांना या दहा शिष्यांची नावे सांगा. उपाली कोण होता, हे आवर्जून सांगा. आणि मुलाने कोळशाने भिंतीवर रेघ ओढली तर रागावण्याआधी ती नीट पाहा. लोहाराच्या मुलाचा हात असाच घडला होता.