उपवासी श्याम

मराठी घरांत गेली नव्वद वर्षे कुमारवयातील मुलांच्या हाती जे पुस्तक हमखास दिले गेले, त्याचे कर्ते पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील पालगड या गावी झाला. घराणे खोतांचे, पण वैभव आजोबांबरोबर सरलेले. वडील सदाशिवराव यांच्या वाट्याला कर्ज, भाऊबंदकी आणि अखेरीस जप्ती आली. आई यशोदाबाई यांनी अशा ओढगस्तीच्या संसारात मुलांना वाढविले. साने गुरुजींच्या पुढील साऱ्या आयुष्याचे मूळ या स्वयंपाकघरात शोधावे लागते.

घरची अडचण वाढली तसा शिक्षणासाठी मुलगा गावोगाव फिरला. दापोलीच्या मिशन शाळेनंतर कमी खर्चात शिकता येईल या आशेने तो दूरच्या औंध संस्थानात गेला. तेथे स्वतःच्या हाताने रांधणे आले आणि अर्धपोटी राहणेही आले. प्लेगच्या साथीने औंध सुटले आणि पुणे गाठावे लागले. १९१७ मध्ये आई गेली तेव्हा तो जवळ नव्हता. आई आजारी असता आपण तिच्या सेवेला नव्हतो, ही बोच त्यांच्या मनातून कधीच निघाली नाही. त्यांच्या लेखनातील अश्रूंची थट्टा करणाऱ्यांनी ही तारीख लक्षात ठेवलेली बरी.

१९२४ मध्ये ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले आणि पुढे तेथील छात्रालय त्यांच्याकडे आले. मुलांच्या खोल्या झाडणे, कपडे धुणे, आजारी मुलाच्या उशाशी रात्र काढणे, ही कामे त्यांनी आपणहून अंगावर घेतली. स्वतः अविवाहित राहिलेल्या या माणसाने छात्रालयात आईचीच भूमिका वठविली, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही. १९३० मध्ये नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांची गीतेवरील प्रवचने त्यांनीच लिहून घेतली. पुढे नाशिकच्या तुरुंगात ९ फेब्रुवारी १९३३, गुरुवारी, त्यांनी लेखणी हाती घेतली आणि १३ फेब्रुवारीच्या सोमवारी पहाटे ‘श्यामची आई’ हातावेगळी केली. दिवसा कैद्याचे काम आणि उरल्या वेळात लेखन.

या पुस्तकात जेवणाचे प्रसंग किती आहेत, हे एकदा मोजून पाहावे. एका रात्रीच्या गोष्टीत आई रताळ्याच्या पाल्याच्या भाजीत मीठ घालायला विसरते. वडील काही न बोलता ती खातात आणि मुलेही त्यांचे पाहून गप्प राहतात. आई मागाहून जेवायला बसते तेव्हा तिला चूक कळते आणि ती कळवळते. सबंध कुटुंबाचा स्वभाव एका अळणी भाजीत उतरला आहे. ‘पत्रावळ’ प्रकरणातील श्याम मात्र पत्रावळ लावण्याचा कंटाळा करतो, रुसतो आणि अखेर ती कला शिकतो. ताटावरचा रुसवा हे कुमारवयाचे जुने शस्त्र आहे. मोठ्यांच्या जगात ज्याचे काहीच चालत नाही, त्याच्या हाती तेवढेच उरते. गुरुजींनी ते ओळखले होते आणि त्या रुसव्याला हसण्याऐवजी त्यांनी त्यामागचे मन दाखविले. आईचे प्रेम येथे नुसते गोड नाही. ती धाक दाखवते, शिक्षा करते आणि मुलाच्या मनात अपराधाची जाणीव कायमची रुजवते. पुस्तकाचा हा कठोर भाग शालेय पाठांतून बहुधा वगळला गेला आणि उरली ती केवळ वत्सल माउली.

तीच अपराधाची जाणीव गुरुजींच्या पुढील आयुष्यात उपवासाच्या रूपाने प्रकटली. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून प्राणांतिक उपोषण करण्याचा निर्धार त्यांनी १९४६ च्या अखेरीस केला. सेनापती बापट आदींच्या आग्रहाने तो पुढे ढकलून त्यांनी काही महिने महाराष्ट्रभर दौरा केला. ठिकठिकाणी मंदिरे आणि विहिरी खुल्या झाल्या, परंतु पंढरपूरचे दार मिटलेलेच राहिले. १ मे १९४७ रोजी तेथील तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण सुरू झाले. गांधीजींपर्यंत अपुरी माहिती पोहोचल्याने त्यांनी तारेने नापसंती कळविली. ज्यांना गुरू मानले त्यांचा विरोध पत्करून गुरुजी मागे हटले नाहीत. ग. वा. मावळंकर यांनी मध्यस्थी केली, बडव्यांनी संमती दिली आणि १० मे रोजी उपोषण सुटले.

मुलांच्या अन्न नाकारण्यामागे आजारही असू शकतो, हे आज वैद्यकशास्त्राला ठाऊक आहे. गुरुजींचे उपवास त्या व्याख्येत कोंबणे अन्यायाचे ठरेल, कारण त्यांच्या मागे सामाजिक हेतू उघड होता. तरीही एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. दुसऱ्याच्या पापाचे प्रायश्चित्त ते नेहमी स्वतःच्या देहाकडून वसूल करीत. गांधीजींच्या हत्येनंतर १९४८ मध्ये त्यांनी एकवीस दिवसांचे उपोषण केले. मारेकरी महाराष्ट्रातला निघाला, याचा भार त्यांनी जणू एकट्याने उचलला. इतरांना पोटभर वाढणारा हा मातृहृदयी माणूस स्वतःच्या बाबतीत फार निष्ठुर होता. त्या काळच्या समाजाने या निष्ठुरतेला तप म्हणून हात जोडले. तिच्यामागील खिन्नतेवर मात्र कोणाला उपाय सापडला नाही.

१५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले. भारतातील भाषा एकमेकींच्या जवळ याव्यात, म्हणून ‘आंतरभारती’ची कल्पना त्यांनी मांडली होती. तुरुंगात तामीळ शिकून तिरुक्कुरळ मराठीत आणणाऱ्या माणसाच्या तोंडी ती पोकळ वाटत नसे. मुलांसाठी गोष्टी आणि पत्ररूप लेखनही सुरूच होते. स्वातंत्र्यानंतरच्या राजकारणाचे रूप पाहून मन मात्र विटत गेले. ११ जून १९५० रोजी, वयाच्या अवघ्या पन्नासाव्या वर्षी, त्यांनी स्वतःची जीवनयात्रा संपविली.

त्यानंतर तीन वर्षांनी, १९५३ मध्ये, आचार्य अत्रे यांनी ‘श्यामची आई’ पडद्यावर आणली. वनमाला आई झाल्या आणि माधव वझे श्याम. राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक या चित्रपटाला मिळाले.