डॉ. आनंदीबाई जोशी व परदेशांतील अन्नाचा प्रश्न

घरांतील मूल परदेशीं शिकावयास निघालें म्हणजे बायकामाणसें त्याच्या ट्रंकेंत लोणच्याची बरणी, मेतकूट व भाजणी भरूं लागतात, आणि वडील मंडळी अभक्ष्यभक्षण न करण्याचें वचन मागून घेतात. बरणी संपल्यावर त्या थंड देशांत तें मूल दोन वेळां काय खाणार, हा प्रश्न मात्र बहुधा कोणी विचारीत नाहीं. तो आम्हीं आज डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या चरित्राच्या आधारें विचारणार आहों. बाईंच्या पदवीचें कौतुक महाराष्ट्रानें पुष्कळ केलें. त्यांच्या ताटाकडे फारसें कोणी पाहिलें नाहीं.

बाई कल्याणच्या, जन्म १८६५ सालचा, माहेरचें नांव यमुना. नवव्या वर्षीं टपालखात्यांतील गोपाळराव जोशी यांच्याशीं त्यांचा विवाह झाला. चौदाव्या वर्षीं झालेला मुलगा दहा दिवसांतच दगावला, आणि त्या दुःखांतून वैद्यकी शिकण्याचा निश्चय उत्पन्न झाला. पुढें गोपाळरावांची बदली बंगाल्यांत श्रीरामपुरास झाली. तेथील कॉलेजांत २४ फेब्रुवारी १८८३ रोजीं बाईंनीं इंग्रजींत व्याख्यान देऊन अमेरिकेस जाण्याचीं कारणें सांगितलीं, आणि आपण हिंदु म्हणून जाऊं व हिंदु म्हणूनच परत येऊन राहूं, असें भर सभेंत जाहीर केलें.

हें व्याख्यान धैर्याचा नमुना म्हणून सांगण्यांत येतें, व तें तसें आहेही. परंतु आम्हां वकिलांच्या दृष्टीस तें आरोपीच्या जबानीसारखें दिसतें. अठरावें वर्षही पुरें न झालेल्या मुलीस, कोणताही अपराध घडण्यापूर्वींच, लोकांपुढें उभें राहून जामीन द्यावा लागला. आणि त्या जामिनांत तिनें स्वतःचें शरीर तारण ठेविलें.

७ एप्रिल रोजीं त्या कलकत्त्याहून निघाल्या व ४ जून १८८३ रोजीं न्यूयॉर्कास उतरल्या. नात्यागोत्याचें कोणी बरोबर नव्हतें, आणि आगबोटीवरील मांसाहारी पंक्तींत त्यांस खाण्याजोगें फारच थोडें सांपडलें. न्यू जर्सींतील रोझेल गांवीं कार्पेंटरबाईंनीं त्यांस पोटच्या मुलीप्रमाणें घरांत घेतलें. बाई त्यांस मावशी म्हणत. तेथें त्यांच्या आहाराचे नियम कोणी मोडूं पाहिले नाहींत. खरी अडचण पुढें फिलाडेल्फियास, स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजांत दाखल झाल्यावर आली.

ज्या पेढीवाल्यांस गव्हाच्या व तांदुळाच्या प्रती तोंडपाठ आहेत, त्यांनीं त्या शहराचा बाजार क्षणभर डोळ्यांपुढें आणावा. पाव, लोणी, दूध, बटाटे, कोबी व मका यांस तोटा नाहीं. पण तुरीची डाळ नाहीं, ज्वारी नाहीं, कोथिंबीर व कढीलिंब नाहीं. ज्या पदार्थांत मांस दिसत नाहीं त्यांतही डुकराची चरबी असण्याचा संभव. सार म्हणावें तें हाडांचें. शाकाहार्‍यास पोट भरतां येत नाहीं असें नाहीं, पण त्यासाठीं वेळ, पैसा व माहितगार सोबती लागतात. दिवसभर व्याख्यानें व शवच्छेदन, रात्रीं पाठ, आणि बाहेर बर्फ, अशा विद्यार्थिनीजवळ यांतील काय शिल्लक राहणार?

बाई हट्टी होत्या असें मात्र कोणी समजूं नये. नऊवारी लुगड्यानें पोटर्‍या उघड्या राहतात म्हणून त्यांनीं नेसण्याची तर्‍हा बदलून ती गुजराथी केली. जेथें तडजोड शक्य होती तेथें ती त्यांनीं केली. अन्नाच्या बाबतींत श्रीरामपूरचें वचन आड येत होतें.

११ मार्च १८८६ रोजीं त्यांस एम्. डी. ही पदवी मिळाली. पदवीदानास पंडिता रमाबाई हजर होत्या. कोल्हापुरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयांत स्त्रियांकडील जागाही मुक्रर झाली. परंतु शरीर तोंपर्यंत क्षयानें पोखरलें होतें. त्या वर्षअखेरीस त्या स्वदेशीं आल्या, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास त्यांचा अंत झाला. वयास बावीस वर्षें पुरीं व्हावयाचीं होतीं. रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यांत आली. ती न्यूयॉर्क संस्थानांत पोकीप्सी येथें, त्या कुटुंबाच्या स्मशानभूमींत आहे.

शाकाहारानें बाई गेल्या असें आम्ही म्हणत नाहीं. क्षयाचे जंतु कॉख यांनीं १८८२ सालींच दाखविले होते, व १९४३ सालीं स्ट्रेप्टोमायसिन सांपडेपर्यंत त्या रोगावर खात्रीचें औषध नव्हतें. मांस खाणारेही त्यानें शेंकड्यांनीं मेले. पण अर्धपोटीं शरीर रोगास लवकर वश होतें, हें आज कोणताही डॉक्टर सांगेल. ज्यांनीं वचन घेतलें त्यांनीं त्याबरोबर एखादी स्वयंपाकीण, निदान दरमहा डाळतांदूळ, पाठविण्याची जबाबदारी घेतली होती काय? मुलाकडून शपथ घेणार्‍या प्रत्येक बापानें ही बाजू आधीं पाहावी.

आणि ज्या समाजाच्या समाधानासाठीं हें सर्व झालें, त्याचें समाधान किती नाजूक होतें तेंही पाहा. १८९० च्या आक्टोबरांत पुण्यांतील पंचहौद मिशनांत न्यायमूर्ति रानडे, टिळक वगैरे मंडळींपुढें चहा आला. कोणी प्याले, कोणी पेल्यास नुसता हात लाविला. नांवें छापून आलीं, ग्रामण्य माजलें, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें, आणि रानड्यांसारख्यांनाही प्रायश्चित्त घ्यावें लागलें. तो सगळा बेत जुळवून आणणारे गृहस्थ दुसरे कोणी नसून आनंदीबाईंचे पति गोपाळराव जोशी हेच होते.