पंडिता रमाबाई

पंडिता रमाबाई (२३ एप्रिल १८५८ – ५ एप्रिल १९२२) या संस्कृतच्या व्यासंगी विदुषी, स्त्रीशिक्षणाच्या पुरस्कर्त्या आणि बायबलच्या मराठी अनुवादक होत्या. शारदा सदन व केडगाव येथील मुक्ती मिशन या संस्था त्यांनी स्थापन केल्या. त्यांच्या धर्मांतराविषयी महाराष्ट्रात पुष्कळ लिहिले गेले. मात्र १८८३ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यानंतर सुमारे आठ वर्षांनी आपल्याला खऱ्या अर्थाने ख्रिस्त गवसला, असे त्या स्वतः मानीत, ही गोष्ट त्या मानाने उपेक्षित राहिली. तारण बाप्तिस्म्याने होते की केवळ विश्वासाने, हा ख्रिस्ती धर्मशास्त्रातील जुना वाद आहे. रमाबाईंच्या आयुष्यात तो ग्रंथाबाहेर येऊन उभा राहिला.

पूर्वायुष्य

रमाबाईंचा जन्म पश्चिम घाटातील गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकापवाद पत्करून पत्नी लक्ष्मीबाई यांना संस्कृत शिकविले आणि आईकडून ते रमाबाईंकडे आले. पुराणे सांगत हे कुटुंब तीर्थोतीर्थी फिरत असे. पवित्र जलात स्नान, व्रते आणि दानधर्म यांनी पापक्षालन होते, या श्रद्धेपायी होते नव्हते ते सारे खर्ची पडले. १८७४ च्या सुमाराच्या दुष्काळात वडील, पाठोपाठ आई आणि मग थोरली बहीण यांचा अंत झाला. विधी केला म्हणजे फळ मिळतेच, या समजुतीवरचा त्यांचा विश्वास तेव्हाच डळमळला असावा. पुढील घटना समजून घेताना ही पार्श्वभूमी विसरता येत नाही.

भाऊ श्रीनिवास याच्यासह त्या १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचल्या. तेथील विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी त्यांनी नोंदणी पद्धतीने विवाह केला. पतीच्या ग्रंथसंग्रहात त्यांना लूककृत शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली. १८८२ च्या फेब्रुवारीत पती पटकीने दगावले. लहानग्या मनोरमेला घेऊन त्या पुण्यास आल्या आणि तेथे त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला.

वाँटेज येथील बाप्तिस्मा

वैद्यकीय शिक्षणाच्या हेतूने रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. श्रवणदोषामुळे तो बेत पुढे सोडावा लागला. वाँटेज येथील अँग्लिकन भगिनीसंघाकडे त्यांचा मुक्काम होता. फुलहॅम येथे वाट चुकलेल्या स्त्रियांना या भगिनी ज्या ममतेने वागवीत, ती पाहून त्या हेलावल्या. नीलकंठशास्त्री तथा नेहेम्या गोऱ्हे यांच्या लेखनाने बौद्धिक शंकाही बऱ्याच अंशी फिटल्या. मात्र सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी धर्मांतराच्या धास्तीने मन ढळून तेथेच आत्महत्या केली. तो आघात ताजा असतानाच, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्यासोबत मनोरमेचाही बाप्तिस्मा झाला. ती तेव्हा जेमतेम अडीच वर्षांची होती.

या भगिनीसंघाच्या परंपरेनुसार बाप्तिस्मा हे केवळ प्रतीक नव्हे; त्या संस्कारातच माणसाचा नवा जन्म होतो आणि पुढे चर्चच्या शिकवणुकीस अनुसरणे हे त्याचे कर्तव्य ठरते. रमाबाईंना हे मान्य होईना. त्रैक्य, येशूचे देवत्व आणि अथनेशियसचा मतांगीकार यांवरून सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा दीर्घ पत्रव्यवहार झाला. आपण बाप्तिस्मा घेतला तो ख्रिस्ताच्या मंडळीत येण्यासाठी. सदसद्विवेकबुद्धी धर्मगुरूंच्या हवाली करण्यासाठी नव्हे, अशी त्यांची भूमिका होती. क्रुसावरील अक्षरे लॅटिनऐवजी संस्कृत असावीत, असाही त्यांचा आग्रह होता. जेराल्डिन यांना यात अहंकार दिसला. वस्तुतः ज्या बुद्धीने त्यांनी जुना धर्म तपासला, तीच त्या नव्यालाही लावीत होत्या.

१८९१ आणि त्यानंतर

अमेरिकेत निधी जमवून परतल्यावर रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू केले. पुढच्याच वर्षी ते पुण्यास हलविले. कामाचा व्याप वाढला, पण मनास स्वस्थता नव्हती. या काळात विल्यम हॅस्लम या अँग्लिकन धर्मोपदेशकाचे आत्मकथन त्यांच्या वाचनात आले. दीक्षित होऊन कित्येक वर्षे लोटलेल्या हॅस्लमला प्रवचन करता करताच आपण अद्याप तारणाबाहेर आहोत याची जाणीव झाली होती. रमाबाईंनी ते स्वतःला लावून पाहिले. आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला, त्याचे आचार पाळले, पण ख्रिस्ताचा स्वीकार राहूनच गेला, असा निष्कर्ष त्यांनी काढला. तारण हे कर्माने वा संस्काराने मिळवायचे नसून विश्वासाने, फुकट घ्यायचे दान आहे, ही त्यांची पुढे कायमची धारणा झाली. १९०७ च्या आपल्या साक्षीत त्यांनी हा प्रवास सविस्तर सांगितला आहे.

या बदलाची किंमत संस्थेला मोजावी लागली. शारदा सदनात धर्माविषयी तटस्थता पाळण्याचे अभिवचन होते. रमाबाई आपल्या खोलीत उघड्या दाराने प्रार्थना करीत आणि इच्छा असेल त्या मुली तेथे बसत. हे वचनाच्या चौकटीत बसते काय, यावरून १८९३ मध्ये पुण्यात वादळ उठले. न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. पालकांची भीती निराधार होती असे म्हणता येत नाही. त्यानंतरच्या काळात सदनातील काही मुलींनी बाप्तिस्मा घेतला.

केवळ विश्वासावर भर देऊनही रमाबाईंनी बाप्तिस्मा टाकून दिला नाही. १८९६–९७ च्या दुष्काळातील निराधार स्त्रियांसाठी त्यांनी केडगावी मुक्ती मिशन उभारले. तेथील मुलींना भीमा नदीच्या पात्रात बाप्तिस्मा दिला जाई. विश्वास आधी आणि त्याची जाहीर कबुली म्हणून पाणी नंतर, असा वाँटेजच्या नेमका उलटा क्रम येथे होता. १९०५ मध्ये मुक्तीत संजीवनाची लाट आली, तेव्हा पवित्र आत्म्याचा बाप्तिस्मा ही तिसरीच कल्पना पुढे आली. मुली तासन्‌तास रडत, प्रार्थना करीत. काही मिशनऱ्यांना हा प्रकार रुचला नाही. रमाबाईंनी मात्र त्याची पाठराखण केली.

अखेरच्या वर्षांत त्या हिब्रू व ग्रीकवरून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर करण्यात गढल्या होत्या. अल्पशिक्षित बायकांना ते दुसऱ्याच्या मदतीवाचून वाचता यावे, हा हेतू होता. १९२१ मध्ये मनोरमा वारली. पुढील वर्षी केडगावी रमाबाईंचे निधन झाले. मुक्तीच्या छापखान्यात छापलेले ते भाषांतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.