थॉमस मिजली : शीतकपाटाला निर्धोक करणारे संशोधक

जुने शीतकपाट दुरुस्त करून पुन्हा वापरात आणणाऱ्या कारागिराला प्रथम त्याच्या नळ्यांत कोणता वायू भरला आहे, हे पाहावे लागते. १९३० पर्यंतच्या शीतकपाटांत सल्फर डायऑक्साइड, मिथिल क्लोराइड यांसारखे विषारी वायू असत. पुढे अनेक दशके बहुतेकांत फ्रेऑन असे. हा बदल अमेरिकी संशोधक थॉमस मिजली यांच्यामुळे घडला.

मिजली यांचा जन्म १८ मे १८८९ रोजी पेनसिल्व्हेनिया राज्यातील बीव्हर फॉल्स येथे झाला. १९११ मध्ये त्यांनी कॉर्नेल विद्यापीठातून यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेतली. १९१६ मध्ये ते डेटन येथे चार्ल्स केटरिंग यांच्या प्रयोगशाळेत रुजू झाले. रसायनशास्त्र त्यांनी कामाच्या ओघातच आत्मसात केले. १९२१ मध्ये त्यांनी मोटारीच्या इंजिनातील खडखडाट थांबवण्यासाठी पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळण्याचा शोध लावला. या संयुगाच्या कारखान्यांत कामगार दगावले, स्वतः मिजली यांनाही शिशाची बाधा झाली. तरीही त्यांनी त्याचे समर्थन सोडले नाही.

त्या काळी शीतकपाटातील वायू गळून माणसे मृत्युमुखी पडत. त्यामुळे १९२८ मध्ये केटरिंग यांनी विषारी नसलेला आणि पेट न घेणारा वायू शोधण्याचे काम त्यांच्याकडे सोपवले. मिजली आणि त्यांचे सहकारी अल्बर्ट हेन यांनी फ्लोरिनच्या संयुगांकडे लक्ष वळवले. त्यासाठी लागणाऱ्या रसायनाच्या पाच बाटल्या मिळाल्या. पहिल्या बाटलीतून तयार केलेल्या वायूत ठेवलेला गिनीपिग जिवंत राहिला, दुसरीतून केलेल्या वायूत मात्र प्राणी दगावला. तपासाअंती पहिली वगळता इतर बाटल्यांतील रसायन अशुद्ध असल्याचे आढळले. पहिलीच बाटली अशुद्ध निघाली असती, तर हा शोध कदाचित तिथेच थांबला असता.

एप्रिल १९३० मध्ये अटलांटा येथील रसायनशास्त्रज्ञांच्या सभेत मिजली यांनी हा वायू श्वासावाटे आत घेतला आणि तो फुंकून जळती मेणबत्ती विझवली. वायू विषारी वा ज्वालाग्राही नाही, हे उपस्थितांना एकाच वेळी पटले. त्यानंतर शीतकपाट घरात ठेवण्याची भीती ओसरली.

१९४० मध्ये मिजली यांना पोलिओने गाठले. अंथरुणातून उठता यावे यासाठी त्यांनी स्वतः दोर आणि कप्प्यांची यंत्रणा बनवली होती. तिच्याच दोरांनी गळा आवळला जाऊन २ नोव्हेंबर १९४४ रोजी त्यांचे निधन झाले. त्या वर्षी ते अमेरिकन केमिकल सोसायटीचे अध्यक्ष होते.

हा वायू वातावरणात सुमारे शंभर वर्षे टिकतो आणि त्यातील क्लोरिन ओझोनचा थर क्षीण करतो. १९७४ मध्ये मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलंड यांनी हा धोका दाखवून दिला आणि १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरील ओझोनची मोठी घट जगासमोर आली. १९८७ च्या माँट्रियल करारानुसार या वर्गातील वायूंवर निर्बंध आले. भारत या करारात १९९२ मध्ये सहभागी झाला.

म्हणूनच जुन्या शीतकपाटातील फ्रेऑन हवेत सोडून न देता यंत्राच्या साहाय्याने काढून साठवावा लागतो. त्याजागी नवा वायू भरताना त्याला मानवणारे तेल, आणि गरजेनुसार नवा कॉम्प्रेसरही बसवावा लागतो. घरातील माणसांना निर्धोक ठरलेला वायू आकाशातील ओझोनला मात्र मारक ठरला. मिजली यांच्या हयातीत याची कुणालाही कल्पना नव्हती.