ना एमडी, ना पीएचडी. तरी पीतज्वराच्या लशीने मॅक्स थायलर यांना नोबेल मिळवून दिलं

नायजेरिया, घाना किंवा ब्राझीलला जाऊन आलेलं कुणी ओळखीचं असेल, तर त्यांच्या पासपोर्टसोबत एक पिवळं कार्ड नक्की असेल. पीतज्वराची, म्हणजे येलो फीवरची लस घेतल्याचं ते सर्टिफिकेट. त्याशिवाय भारतात परतलात तर विमानतळावरूनच क्वारंटाईनमध्ये जावं लागू शकतं.

एवढी कडक तपासणी का? कारण हा रोग पसरवणारा एडिस इजिप्ती डास आपल्याकडे भरपूर आहे. तोच, डेंग्यूवाला. पीतज्वराचा विषाणू मात्र अजून भारतात शिरलेला नाही.

त्या कार्डामागची लस १९३७ सालची आहे आणि आजही तीच टोचली जाते. ती बनवणाऱ्या माणसाचं नाव मॅक्स थायलर.

थायलर यांचा जन्म १८९९ साली दक्षिण आफ्रिकेतल्या प्रिटोरियात झाला. वडील अर्नोल्ड थायलर हे जनावरांच्या रोगांचे नावाजलेले संशोधक. मॅक्स यांनी केपटाउनमध्ये शिक्षण घेतलं आणि पुढे लंडन गाठलं. पण केपटाउनमधली दोन वर्षं लंडन विद्यापीठाने धरलीच नाहीत. त्यामुळे प्रॅक्टिसचा परवाना मिळाला, एमडी राहून गेली. ती त्यांनी नंतरही केली नाही.

१९२२ मध्ये ते अमेरिकेत हार्वर्डला आले. त्या काळी पीतज्वर हा बॅक्टेरियामुळे होतो, असं हिदेयो नोगुची या बड्या संशोधकाचं म्हणणं होतं. १९२६ मध्ये थायलर आणि त्यांचे वरिष्ठ अँड्र्यू सेलार्ड्स यांनी दाखवून दिलं की, नोगुचींचा जंतू दुसऱ्याच एका काविळीचा आहे. थायलर तेव्हा जेमतेम सत्तावीस वर्षांचे होते.

पुढच्याच वर्षी पश्चिम आफ्रिकेत एड्रियन स्टोक्स आणि सहकाऱ्यांनी असिबी नावाच्या रुग्णाचं रक्त माकडांना टोचलं. आफ्रिकेतली माकडं या तापाला सहसा दाद देत नाहीत, म्हणून भारतात आढळणारी ऱ्हीसस जातीची माकडं मुद्दाम मागवली होती. ती आजारी पडली आणि विषाणू हाती लागला. स्टोक्स मात्र त्याच वर्षी पीतज्वराने गेले. आपला दावा तपासायला अक्राला गेलेले नोगुची १९२८ मध्ये याच तापाने वारले. त्यांच्या मृत्यूची तपासणी करणारे विल्यम यंगही काही दिवसांतच गेले.

माकडं महाग, सांभाळायला अवघड. थायलर यांनी साधा पांढरा उंदीर घेतला. पोटात विषाणू टोचला, काही झालं नाही. मेंदूत टोचला तेव्हा उंदीर मेला. तोही काविळीने नाही, मेंदूच्या सुजेने. १९३० मध्ये हे प्रसिद्ध झालं तेव्हा अनेकांना पटेना. पण यातूनच एक स्वस्त चाचणी तयार झाली: माणसाचं रक्तद्रव आणि विषाणू एकत्र करून उंदराला टोचायचा. उंदीर जगला, तर त्या माणसात प्रतिकारशक्ती आहे. पीतज्वर कुठे कुठे पोचलाय याचे नकाशे या चाचणीमुळे काढता आले. मधल्या काळात थायलर यांनाही प्रयोगशाळेतच पीतज्वर झाला होता. ते वाचले, हे आपलं नशीब.

१९३० मध्येच ते न्यूयॉर्कला रॉकफेलर फाउंडेशनमध्ये गेले. तिथे सुरू झालं खरं चिकाटीचं काम. असिबीच्या रक्तातला विषाणू आधी उंदराच्या आणि मग कोंबडीच्या भ्रूणाच्या पेशींमध्ये वाढवायचा, त्यातला थोडा पुढच्या बाटलीत टाकायचा, पुन्हा तेच. भ्रूणाचा मेंदू आणि मज्जारज्जू काढून टाकलेल्या बाटल्यांच्या मालिकेत ८९व्या आणि ११४व्या फेरीच्या दरम्यान कधीतरी विषाणू बदलला. तो माकडाला मारेना, पण प्रतिकारशक्ती देऊ लागला. हाच १७डी. नेमकं काय घडलं हे तेव्हा कुणालाच सांगता आलं नाही. थायलर यांचं मोठेपण मला इथे दिसतं: बदल योगायोगाने झाला असेल, पण तो हातातून निसटू दिला नाही.

१९३७ मध्ये ह्यू स्मिथ यांच्यासोबत त्यांनी ही लस जाहीर केली आणि लगेच ब्राझीलमध्ये ती द्यायला सुरुवात झाली. सगळं सुरळीत झालं असं नाही. लस टिकावी म्हणून तिच्यात मानवी रक्तद्रव मिसळत. त्यातूनच १९४२ मध्ये अमेरिकी लष्करातल्या सुमारे ५० हजार जणांना कावीळ झाली. दोष १७डीचा नव्हता, त्या रक्तद्रवातल्या हिपॅटायटिस बीचा होता. मग रक्तद्रव काढूनच टाकलं.

१९५१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल एकट्या थायलर यांना मिळालं. त्याच सुमारास ते रॉकफेलरच्या प्रयोगशाळांचे संचालक झाले आणि फाउंडेशनने डास-गोचिडांमार्फत पसरणारे विषाणू शोधायला देशोदेशी केंद्रं काढली. त्यातलंच एक पुण्याचं. आयसीएमआरसोबत १९५२ मध्ये सुरू झालेलं ते व्हायरस रिसर्च सेंटर म्हणजे कोरोनाकाळात घराघरात पोचलेली आपली एनआयव्ही. कर्नाटकातल्या क्यासनूर जंगलातल्या माकडतापाचा विषाणू १९५७ मध्ये याच केंद्राने शोधला.

थायलर १९६४ मध्ये येल विद्यापीठात प्राध्यापक झाले आणि ११ ऑगस्ट १९७२ रोजी वारले. त्यांच्या लशीचं सर्टिफिकेट पूर्वी दहा वर्षं चालायचं. २०१६ पासून एक डोस आयुष्यभर ग्राह्य धरतात.