दादासाहेब फाळके : ट्रिक सीनचे पहिले विद्यार्थी

दहावी-बारावीनंतर मुलं म्हणतात, व्हिडिओ एडिटिंग आणि व्हीएफएक्सची पदवी घ्यायची. पालक विचारतात, त्यात शिकण्यासारखं एवढं काय असतं? अशा वेळी दादासाहेबांचं चरित्र जरूर सांगावं.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. १८८५ साली ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. पुढे बडोद्याच्या कलाभवनात चित्रकलेबरोबर फोटोग्राफीही शिकले. एवढ्यावर ते थांबले नाहीत. छपाईचं तंत्र शिकले, जादूचे प्रयोग शिकले. आडनावाची अक्षरं उलटी करून 'प्रोफेसर केळफा' या नावाने जादूचे खेळही केले. लोकांना वाटलं असेल, या माणसाचं एका जागी मन लागत नाही. पण हे सगळं पुढे एकाच कामी आलं.

मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि त्यांनी ठरवलं, आपणही असा चित्रपट करायचा. रात्रंदिवस अभ्यास केला. डोळ्यांवर इतका ताण आला, की काही काळ दिसेनासं झालं. उपचारांनी दृष्टी परत आली. मग विम्याची पॉलिसी गहाण टाकून १९१२ मध्ये ते लंडनला गेले, स्टुडिओतलं काम जवळून पाहिलं आणि कॅमेरा घेऊन परतले.

भांडवल देणाऱ्यांचा विश्वास बसावा म्हणून त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला. रोज थोडं थोडं चित्रण केलं. पडद्यावर मात्र बघता बघता रोप वाढलं! आज याला टाइम-लॅप्स म्हणतात.

३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित झाला. पत्नी सरस्वतीबाई फिल्मला भोकं पाडणं, ती धुणं ही कामं शिकल्या. शिवाय सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही त्यांच्याकडेच होता. 'कालिया मर्दन' (१९१९) मध्ये मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली.

देव अचानक प्रकट कसा व्हायचा? कॅमेरा थांबवायचा, बाकीच्यांनी जागचं हलायचं नाही, नटाने येऊन उभं राहायचं आणि कॅमेरा पुन्हा सुरू! एकाच फिल्मवर दोनदा चित्रण केलं, की दोन दृश्यं एकत्र दिसत. आज कॉम्प्युटरवर लेयर एकमेकांवर ठेवतात, तीच ही कल्पना. फरक एवढाच, की तेव्हा 'अनडू'चं बटण नव्हतं. चूक झाली की फिल्म वाया.

१९३७ चा 'गंगावतरण' हा त्यांचा शेवटचा चित्रपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचं निधन झालं. अखेरच्या काळात हाती पैसा फारसा उरला नव्हता, हेही मुलांपासून लपवू नये.

पालकांनो, सॉफ्टवेअर दर दोन वर्षांनी बदलतं. पण प्रकाश कुठून येतो, सावली कुठे पडते, प्रेक्षकाची नजर कुठे जाते, हे बदलत नाही. दादासाहेबांनी ते चित्रकलेतून, फोटोग्राफीतून आणि जादूतून मिळवलं. म्हणून कोर्स निवडताना कोणतं सॉफ्टवेअर शिकवतात एवढंच विचारू नका. चित्र काढायला आणि कॅमेरा हाताळायला शिकवतात का, हे आधी विचारा. आणि शिक्षकांनो, चित्रकलेचा तास गणिताला देऊ नका!