माळ्यावरचे नभोवाणी केंद्र

अमेरिकेतील पिट्सबर्ग शहरी १८७४ साली फ्रँक कॉनरॅडचा जन्म झाला. सातव्या इयत्तेनंतर त्याची शाळा सुटली आणि सोळाव्या वर्षी तो वेस्टिंगहाउस कंपनीच्या कारखान्यात कामास लागला. शाळा सुटली, तरी शिकणे सुटले नाही. पुढे दोनशेहून अधिक शोधांचे हक्क त्याच्या नावे नोंदले गेले.

एकदा घड्याळाच्या अचूकपणावरून त्याने मित्राशी पैज मारली. खरी वेळ कळावी म्हणून, वेधशाळेकडून येणारे बिनतारी संकेत ऐकण्याचे यंत्र त्याने घरीच बनविले. तेव्हापासून त्यास या विद्येचा ध्यास लागला. विल्किन्सबर्ग येथील आपल्या मोटारखान्याच्या माळ्यावर त्याने प्रक्षेपण यंत्रही उभारले.

बिनतारी यंत्र म्हणजे एकाने दुसऱ्यास निरोप धाडण्याचे साधन, असाच त्या काळी बहुतेकांचा समज होता. कॉनरॅडही यंत्राची परीक्षा घेण्यासाठी त्यावर बोलत असे. १९१९ च्या ऑक्टोबरात बोलून कंटाळा आला, तेव्हा त्याने यंत्रासमोर ग्रामोफोन लावून दिला. ते संगीत ऐकून हौशी श्रोत्यांची पत्रांवर पत्रे येऊ लागली. जो तो आपल्या आवडीचे गाणे मागे. प्रत्येकाची इच्छा पुरविणे अशक्य होते. म्हणून ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी सर्वांसाठीच गाणी लावण्याचे त्याने जाहीर केले. घरातील तबकड्या संपल्या, तेव्हा गावातील एका दुकानदाराने आपल्या तबकड्या दिल्या. दुकानाचे नाव श्रोत्यांस सांगावे, एवढीच त्याची अट होती. कॉनरॅडचे मुलगेही मदतीस आले.

१९२० च्या सप्टेंबरात एका दुकानाने ही गाणी ऐकण्याच्या यंत्रांची जाहिरात वृत्तपत्रात दिली. ती पाहून कंपनीचे उपाध्यक्ष डेव्हिस यांनी कारखान्याच्या छपरावर नभोवाणी केंद्र उभारविले. त्याचे नाव केडीकेए. २ नोव्हेंबर १९२० च्या रात्री तेथून अध्यक्षपदाच्या निवडणुकीचे निकाल ऐकविण्यात आले. त्या रात्री कॉनरॅड मात्र तेथे नव्हता. नवे यंत्र बंद पडलेच, तर श्रोत्यांचा खोळंबा होऊ नये, म्हणून तो घरी आपल्या जुन्या यंत्रापाशी सज्ज होता.

१९२१ मध्ये त्या केंद्रावरून चर्चमधील प्रार्थना आणि बेसबॉलच्या सामन्याचे वर्णनही ऐकू येऊ लागले. काळाबरोबर कार्यक्रम बदलत गेले. पुढे बातम्या व चर्चा यांना तेथे मुख्य स्थान मिळाले. १९४१ साली कॉनरॅड निवर्तला. परंतु श्रोत्यांची आवड ओळखून, ठरल्या वेळी सर्वांसाठी कार्यक्रम करण्याची जी रीत त्याने माळ्यावर सुरू केली, ती नभोवाणीने कधीच सोडली नाही.